दुसऱ्या ठोक्याचा राक्षस

मी एक जुना गेम कंट्रोलर आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. माझी डावी दांडी सैल झाली आहे, दोन्ही मुठींपाशी काळा रंग उडाला आहे आणि वायर एका जागी चिकटपट्टीने गुंडाळली आहे, हे मला ठाऊक आहे. पण हरणारे हात मी जितके जवळून पाहिले, तितके तुमच्यापैकी कोणीही पाहिले नसतील. हरण्याबद्दल मला जे कळते ते भल्याभल्यांना कळत नाही, म्हणून आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात दोन छोट्या मोटरी बसवल्या. खेळात मार बसला की त्या गरगरतात आणि मी थरथरतो. मग तिने माझे एकेक बटण दाबून पाहिले आणि मला खोक्यात झोपवले. आपला जन्म जिंकण्यासाठीच झाला आहे, असे मला तेव्हा वाटत होते. पहिल्याच आठवड्यात हा भ्रम फिटला.

मी ज्या घरी आलो तिथे एक मुलगी होती. काहीही करताना ती गुणगुणत असे, म्हणून घरात तिला सगळे भुंगा म्हणत. तिच्या आवडत्या खेळात एक दरवाजा होता आणि दरवाजात लोखंडी चिलखत घातलेला राक्षस उभा होता. त्याच्या हातात कपाटाएवढा हातोडा. एक घाव बसला की खेळ खलास. पहिल्या दिवशी भुंगा चाळीस वेळा मेली. मला गादीवर आपटून ती फणकाऱ्याने निघून गेली, पाणी प्यायली आणि पुन्हा येऊन बसली.

आपल्या पायांनी चालत जाऊन मार खाण्यात कसली मजा, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नाही. मग हळूहळू उलगडले. राक्षस दांडगा होता, पण लबाड नव्हता. हातोडा दर वेळी तसाच उचलायचा, तसाच मारायचा. म्हणजे प्रत्येक मरणात भुंगाच्या पदरात काहीतरी पडायचेच. शिवाय मेल्यावर क्षणात ती पुन्हा दरवाजासमोर उभी. अशी हार कोणाला आवडणार नाही? दरवाजा उघडला त्या दिवशी तिची आरोळी ऐकून शेजारच्या काकू काय झाले म्हणून धावत आल्या.

पुढे घरात बिनवायरचा नवा कंट्रोलर आला. मी खणात गेलो, जुने चार्जर आणि संपलेल्या बॅटऱ्यांच्या सोबतीला. दोन वर्षे माझी कोणी चौकशी केली नाही. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

एके दुपारी भुंगाने खण उघडला आणि मला बाहेर काढले. तिचे आजोबा घड्याळजी होते. चाळीस वर्षे डोळ्याला भिंग लावून त्यांनी घड्याळे दुरुस्त केली होती. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. पाय सावरला, बोलणे सावरले, पण उजव्या हाताची बोटे ऐकेनात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक पिवळा मऊ चेंडू दिला आणि रोज शंभर वेळा दाबायला सांगितले. आजोबा बारा वेळा दाबून तो बाजूला ठेवत. दुकानातले त्यांचे टेबल एका तरुण कारागिराला हवे होते. भुंगाचे बाबा म्हणाले होते की महिनाअखेरीला त्याला काय ते कळवावे लागेल, आणि आजोबांनी खिडकीबाहेर बघत सांगितले होते, "देऊन टाक."

नव्या कंट्रोलरची बटणे कडक होती. माझी वापरून वापरून मऊ झाली होती, म्हणून भुंगाने मला आजोबांच्या हातात दिले. डाव्या हाताने चालायचे, उजव्या अंगठ्याने उडी आणि वार. आजोबांचा अंगठा माझ्या बटणावरून घसरत होता, थरथरत होता. पहिल्या दिवशी राक्षसाने त्यांना एकवीस वेळा लोळवले. बाविसाव्या वेळी त्यांनी भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे कान दिला.

"हातोडा वर गेला की दुसऱ्या ठोक्याला खाली येतो," ते म्हणाले.

तेव्हापासून ते घड्याळाच्या ठोक्यावर खेळू लागले. रोज हरत होते, पण चेंडूला बारा दाबांत कंटाळणारी बोटे मला चार-चारशे वेळा दाबत होती. पिवळा चेंडू पलंगाखाली धूळ खात पडला. त्याचे हाल पाहून मला जरासा आनंद झाला, हे कबूल करतो.

मग भुंगाने चूक केली. चूक प्रेमापोटी होती, पण होती. महिना संपत आला होता आणि आजोबांनी एकदा तरी जिंकावे, म्हणजे त्यांना हुरूप येईल, असे तिला वाटले. आजोबा चहा प्यायला उठले तेव्हा तिने सेटिंगमध्ये जाऊन राक्षस हलका करून ठेवला. आजोबा येऊन बसले आणि पहिल्याच खेपेत जिंकले. दरवाजा उघडला. भुंगाने टाळ्या वाजवल्या.

आजोबांनी मला मांडीवरून उचलून बाजूला ठेवले. "काल हातोडा दुसऱ्या ठोक्याला पडत होता," ते म्हणाले. "आज तिसऱ्याला पडला."

ठोका चुकलेला घड्याळजीला कळणार नाही, असे तिला वाटलेच कसे! दोन दिवस त्यांनी मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी भुंगा त्यांच्याजवळ बसून रडली आणि सगळे कबूल केले. आजोबा रागावले नाहीत.

"अगं, या घरात सगळे माझ्याशी हळू बोलतात. ताट जवळ सरकवतात, गुंडी लावून देतात. तो राक्षस एकटाच मला आजारी समजत नव्हता. त्यालाही तू दयाळू केलंस."

भुंगाने डोळे पुसले आणि राक्षसाला पुन्हा होता तसा केला. आजोबा पहिल्याच घावात मेले आणि खो खो हसले. झटका आल्यापासून ते तसे हसले नव्हते.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी राक्षस खरोखर हरत आला होता. एकच वार उरला होता. हातोडा वर गेला, आजोबांनी अचूक वेळी बटण दाबले आणि माझे ते मेले बटण आत अडकून बसले. हातोडा पडला. मी लाजेने थरथरलो. मोटरी चालू होत्या, पण मला तरी ती लाजच वाटली.

आजोबांनी मला कानाजवळ धरून हलवले. "भुंग्या, माझी पेटी आण."

पेटी आली. त्यांनी भिंग डोळ्याला लावले, बारीक पेचकसाने माझे स्क्रू काढले आणि चिमट्याने बटणाखालची रबराची वाटी उचलली. वर्षानुवर्षांचा मळ पुसून ती परत जागेवर बसवली. तेवढ्यात भुंगाचे बाबा टेबलाचे विचारायला दारात आले आणि तिथेच थबकले. चिमटा उजव्या हातात होता. थरथर होती, पण वाटी पडली नाही.

शेवटचा स्क्रू घट्ट करून आजोबा म्हणाले, "त्या पोराला सांग, टेबल रिकामं नाही."

बाबांनी मान डोलावली.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. वायर ओढू नका, चिकट हातांनी आम्हाला धरू नका, हरल्याचा राग आमच्यावर काढू नका. आणि कोणी एखाद्या दांडग्या राक्षसासमोर उभा असेल तर त्याच्या शेजारी बसा, पाणी द्या, हवे तर ठोके मोजा. पण त्याला न विचारता त्याचा राक्षस लहान करू नका.

आजोबा आता सकाळी दुकानात बसतात. दुपारी जेवून घरी आले की मला हातात घेतात. राक्षस सहाशे चौदा वेळा जिंकला आहे, आजोबा एकदाही नाही; तो हलक्या राक्षसावरचा विजय आम्ही धरत नाही. घड्याळात दोन वाजत आले आहेत आणि जिन्यावर त्यांची पावले वाजत आहेत.