आखडलेली वीत

गल्लीतल्या शिंपीदादांनी उभ्या जन्मात टेप वापरली नाही. माप घ्यायचं ते वितीनं, तेही एकदाच; किती विती ते मग जन्मभर तोंडपाठ. म्हणे, एकदा धावत्या गिऱ्हाइकाचं माप घेऊन ते कोपऱ्यावर वळायच्या आत त्यांनी विजार बेतून ठेवली होती.

दादांनी सत्तरी ओलांडली आणि गल्लीत घोटे दिसू लागले. आधी पोस्टमनचे, मग मास्तरांचे. पुढं पुढं तर इतके, की परगावचे डास मुक्कामाला येऊ लागले.

"म्हातारा कापड मारतो," लोक कुजबुजले.

"हल्ली माणसं पन्नाशीनंतरही वाढतात," दादा म्हणत.

गिऱ्हाईक पांगलं. बाकावर बसणाऱ्या दोस्तांपैकी काही वर गेले, काही मुलांकडे गेले, तेही वर गेल्यासारखेच. उरला एक न्हावी.

शेवटी दुकान सांभाळणारा मुलगा म्हणाला, "बाबा, न्हावीकाकांचा कोट तुम्ही बेता. बसला तर कात्री तुमची, नाही बसला तर माझी."

"लागली पैज."

कोट झाला. न्हाव्यानं अंगात घातला आणि झटकन कोपर दुमडले. "झकास! कातडीवरच शिवलायस जणू."

"हात खाली सोड."

"थंडी वाजते रे."

"सोड, गाढवा!"

हात खाली आले. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर.

सुनेनं दादांचा डावा पंजा टेबलावर ताणून धरला आणि टेप लावली. सांधे वाकडे झालेले, पंजा पुरता उघडेना. "बाबा, सात इंच."

"नऊ होती. दोन इंच गेले कुठं?"

"माझ्या बाह्यांत बघ," न्हावी म्हणाला. कुणी हसलं नाही.

आता वाईट वाटायला हवं होतं. शिंक येणार म्हणून तोंड उघडून थांबावं आणि ती येऊच नये, तसे दादा थांबले. काहीच आलं नाही.

"घे," ते म्हणाले. धागे कापायची कात्री उजव्या हातातच होती, पण अंगठा कडीतून सुटेना. पेर सुजून फुगलेलं. सुनेनं तेल लावलं, मुलगा हळूहळू ओढू लागला. दादा हात पुढं करून भिंतीकडे बघत राहिले. हात शेजाऱ्याचा असावा, तसे.

"निघाली का रे?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

"केव्हाच निघाली, बाबा."