फुलांच्या फ्रिजमधलं पेन

नवऱ्याच्या सदऱ्यावर, बेंबीच्या जरा बाजूला, लाल ठिपका दिसला आणि इस्त्री करता करता तिच्या मनात पाल चुकचुकली.

लहानपणापासून मधुमेह. सुया टोचून टोचून या माणसाच्या पोटाची चाळण झाली होती. किडनी आणि स्वादुपिंडाची पहिली जोडी शरीराने काही वर्षांत नाकारली. पुन्हा डायलिसिस, पुन्हा वाट पाहणं, आणि आता कुठे दुसरी जोडी बसली होती. इन्सुलिन बंद झालं त्या दिवशी तिने फ्रिजच्या दारातला इन्सुलिनचा कप्पा घासूनपुसून त्यात अंडी मांडली, आणि आल्यागेल्याला दार उघडून दाखवली. लोक अंड्यांचं काय कौतुक करणार, पण ती थांबेना.

मग हा ठिपका कसला?

"गुलाबाचा काटा लागला," नवरा म्हणाला. तो फुलांच्या दुकानात कामाला होता.

"बेंबीपाशी?"

"अगं, गठ्ठा पोटाशीच धरतो ना!"

उत्तर अगदी जिभेवर तयार. तिला खटकलं ते हेच. चहा घेणार का विचारलं तरी विचारात पडणारा हा माणूस! शिवाय हल्ली जेवणाचा डबाही तो दुकानातच खायचा.

"गोड खात असेल चोरून," नणंद फोनवर म्हणाली. "लहानपणी साखरेचा डबा कपाटावर ठेवायचो आम्ही."

झालं! तिने नवऱ्याचे खिसे तपासले. चॉकलेटचा कागदसुद्धा निघाला नाही. नवे अवयव शरीराने नाकारू नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्यांचं पाकीट पाहिलं. तेही बरोबर होतं. पण गोळी काढून मोरीत टाकायला कितीसा वेळ लागतो? शिवायला घेतलेले गणवेश तसेच टाकून ती भर दुपारी दुकानात जाऊन धडकली.

काचेच्या मोठ्या फ्रिजमागे, फुलांच्या बादल्यांच्या आडोशाला, नवरा सदरा वर करून उभा होता. हातात फुलांच्या फ्रिजमध्ये दडवून ठेवलेलं इन्सुलिनचं पेन होतं.

"हे कधीपासून?"

"तीन आठवडे. साखर वर जायला लागली. वाटलं, एकदोन दिवसांत उतरेल."

"आणि तपासणीत?"

"त्याआधी थोडं जास्त घेतो. आकडा बरा येतो."

"अहो, शरीर पुन्हा नाकारतंय का, ते कळायला तर तो आकडा! तोच झाकून ठेवलात? मला तरी सांगायचं!"

त्याने पेनाचं टोपण लावलं. "मागच्या वेळी साखर वाढताच सांगितलं होतं. तू वॉर्डात सगळ्यांसमोर माझे खिसे उलटे केलेस. गोळ्या फेकून दिल्यात म्हणालीस. मी एकही चुकवली नव्हती गं."

सकाळीही तिने तेच खिसे उलटे केले होते. तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटत होती. पेन पर्समध्ये टाकून, नवऱ्याचं मनगट धरून तिने थेट हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला.

"फार उशीर केलात. दाखल व्हा. नव्या अवयवाचा बारीक तुकडा काढून तपासू. औषधाने सावरेल की नाही, आत्ता सांगता येणार नाही." मग त्या त्याला सोडून तिच्याकडे वळल्या. "एक खरं सांगा. गोळ्या चुकवल्या का यांनी?"

नवरा फरशीकडे बघू लागला. तिच्याकडे पुरावा कसलाच नव्हता. नवऱ्याचा शब्द तेवढा होता, आणि तोही तीन आठवडे खोटं बोललेल्या माणसाचा.

"नाही," ती म्हणाली. "एकही नाही. आणि मागच्या वेळीही नाही."

त्याने मान वर केली. पहिली जोडी गेली तेव्हापासून तो एवढंच ऐकायला थांबला होता, हे तिला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं.