इस्त्रीचा रुमाल

तापाची साथ शहरात शिरली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या कवळीताईने एक युक्ती काढली आणि सगळ्या इमारतीने ती उचलून धरली. सकाळी उठलं की प्रत्येक घराने दाराच्या कडीला रुमाल अडकवायचा, अंधार पडला की आत घ्यायचा. रुमाल दिसला म्हणजे घरातलं माणूस उठलंय, चालतंय-फिरतंय. नाही दिसला तर लांबूनच हाक मारायची, आणि उत्तर नाही आलं तर आरोग्य पथकाला फोन लावायचा.

या युक्तीत सगळ्यांना आवडलेली गोष्ट अशी की कुणाला कुणाच्या दाराजवळ जावं लागत नव्हतं. जिन्यात उभं राहून नजर फिरवली की झालं. आणि त्या दिवसांत दुसऱ्याच्या दाराजवळ जायचं म्हटलं की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. तापच तसा होता. आधी अंग भाजून काढायचा, माणूस असंबद्ध बडबडायला लागायचं, आणि मग ताप आपला आपण उतरायचा. घरच्यांना हायसं वाटायचं. त्याच दिवशी श्वास लागायचा. रस्त्यावरून फिरणारी भोंग्याची गाडी दिवसभर तेच ओरडत असायची, ताप उतरला म्हणजे बरं झालं असं समजू नका.

कवळीताईचं खरं काम कवळ्या बनवण्याचं. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, त्यावरून ती मेणात दात बसवायची, घासून-पुसून कवळी तयार करायची. इमारतीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं. साथीपासून प्रयोगशाळा बंद होती, नवरा कामाच्या गावी अडकला होता, आणि घरात ती आणि सासूबाई अशा दोघीच. सासूबाईंचं एक फुप्फुस तरुणपणीच्या आजारात निकामी झालेलं. "उरलेलं एक आहे ते उधळायला नाही," असं त्या स्वतःच म्हणायच्या. कवळीताईची सगळी भीती त्या उरलेल्या एका फुप्फुसाभोवती फिरायची. बाहेरून आली की ती कोपरापर्यंत हात धुवायची, कपडे बदलायची, आणि मग कितीतरी वेळ सासूबाईंशी पाठ करूनच बोलायची.

त्यांच्या मजल्यावर तीनच दारं. एक त्यांचं. दुसरं टेलरकाकांचं. बायको गेल्यापासून ते एकटे. शिवणयंत्र आणि इस्त्री हाच त्यांचा संसार. सगळ्या इमारतीचे रुमाल त्यांनीच उरल्यासुरल्या कापडातून शिवून दिले होते. आणि तिसरं दार कंडक्टरबाईचं. तीही एकटीच राहायची. आवाज असा की ती तळमजल्यावरून जिना चढायला लागली की तिसऱ्यावर कळायचं. साथ आल्यापासून ती इस्पितळातल्या नर्सना नेणाऱ्या-आणणाऱ्या बसवर होती. कामाच्या पाळीचा काही नेम नाही. आणि नर्सच्या बसवर म्हणजे रोगाच्या दारात, म्हणून जिन्यात तिची पावलं वाजली की लोक दारं लावून घ्यायचे. कवळीताईसुद्धा. कडीवर हात ठेवून, श्वास रोखून ती पावलं पलीकडे जाईपर्यंत उभी राहायची.

त्या दिवशी सकाळी ती कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडली. कंडक्टरबाईच्या दारापासून नेहमीसारखी अंग चोरून जात असताना नजर कडीवरच्या रुमालावर गेली आणि ती थबकली.

रुमालाला कडक इस्त्री होती. चारही कोपरे जुळवून घडी घातलेली, मधोमध सरळ रेघ.

कंडक्टरबाई आणि इस्त्री! ही बाई गणवेशसुद्धा दोरीवरून ओढायची आणि झटकून अंगात घालायची. "बसमध्ये चार धक्के खाल्ले की आपोआप सरळ होतो," म्हणायची. तिचा रुमाल कडीला नेहमी बोळा होऊन लटकलेला असायचा.

कवळीताईने आठवून पाहिलं. जिन्यात तिचा आवाज शेवटचा कधी ऐकला? काल नाही. परवा? कडीवर हात ठेवून आपण शेवटचं कधी उभ्या राहिलो? आठवेना. पिशवी खाली ठेवून तिने दोन पावलं लांबूनच हाक मारली.

"कंडक्टरबाई! अहो बाई!"

आतून काहीच नाही. टेलरकाकांचं दार मात्र किलकिलं झालं.

"हळू गं. झोपली असेल ती. रात्रपाळी करून येते बिचारी."

"काका, हा रुमाल कोणी लावला?"

काकांनी दाराची फट आणखी अरुंद केली.

"काका?"

"मीच लावतो," ते म्हणाले. "म्हणजे काय झालं, एकदा ती पहाटे येऊन झोपली आणि रुमाल लावायला विसरली. तर खालून चेअरमन ओरडताहेत, वरून लोक ओरडताहेत. झोपमोड झाली तिची. रडकुंडीला आली होती गं. म्हटलं, एवढंच ना? आपण पहाटे उठतोच. आपला लावताना तिच्या कडीलाही एक लावू, अंधार पडला की काढू. तिला झोप तरी मिळेल."

"आणि ती? तुम्ही पाहिलंत तिला? कधी?"

"आवाज यायचा ना आतून," काका म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरत गेला. "नळाचा वगैरे. म्हणजे... यायचा."

सगळी इमारत रोज जिन्यातून हा रुमाल पाहत होती आणि निर्धास्त होत होती. तीही होत होती. रुमाल होता, म्हणून कुणी हाक मारली नाही. हाक मारायची नाही म्हणून तर रुमाल होता.

तिने पुढे होऊन दारावर थाप मारली. मग मुठीने ठोकलं. शेवटी नको नको म्हणत दाराला कान लावला. आत काहीतरी होतं. करवतीने ओलं लाकूड हळूहळू कापावं तसा आवाज. थांबायचा, परत यायचा.

"श्वास आहे," ती म्हणाली.

काकांकडे कंडक्टरबाईची जादा किल्ली असायची, ती कामावर असताना पाणी आलं तर भरून ठेवायला. त्यांनी ती आणली, पण कवळीताईच्या हातात देताना ती निसटून फरशीवर पडली. तिच्या खणखणाटाने खालचा जिना जागा झाला.

"काय चाललंय वर?" चेअरमन होते. ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर येऊन थांबले, एक पायरी वर चढले नाहीत. काय झालंय ते सांगताच त्यांनी अडवल्यासारखे दोन्ही हात पुढे केले. "दार उघडायचं नाही! मी पथकाला फोन करतो. ते येऊन उघडतील."

"कधी येतील?"

"ते काय माझ्या हातात आहे? संध्याकाळ. फार तर उद्या."

"उद्यापर्यंत ती राहणार नाही, चेअरमन."

"आणि दार उघडलंत तर आम्ही राहू?" त्यांचा आवाज चिरकला. "माझी मुलगी बाळंतपणाला आलीये. दिवस भरलेत तिचे. तुम्हाला काय जातंय सांगायला!"

ते दुष्ट नव्हते. घाबरलेले होते, आणि तीही तितकीच घाबरली होती, म्हणून तिला त्यांचा रागही करता येईना. किल्ली तिच्या पायापाशी पडली होती. वाकून उचलायचा अवकाश. पण उचलली की आत जावं लागणार, आणि आत गेलं की घरी परतता येणार नाही. घरात ते एक फुप्फुस.

तिच्या मागे साखळीचा आवाज झाला. सासूबाईंनी दार साखळीपुरतं उघडलं होतं. फटीत त्यांचा एक डोळा आणि अर्धा मास्क.

"आई, आत जा तुम्ही."

"मी आतच आहे. ऐकतेय सगळं. चेअरमन ओरडला की मेलेलाही उठून बसेल, मी तर जिवंत आहे."

"आई, मी काय करू?"

सासूबाईंनी फटीतून समोरच्या बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जा म्हणावंसं वाटत नाही, खोटं कशाला बोलू. मला भीती वाटतेय. तू आत गेलीस की मी एकटी. रात्री धाप लागली तर पाठ कोण चोळणार, हेच आलं आधी मनात." त्यांना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला. "पण तो आवाज मी ओळखते. माझाही तसाच यायचा. तेव्हा कुणी दार उघडलं नसतं तर तुला सासू नसती. सुखात असतीस."

"आई, थट्टा नको ना."

"मग रडू? जा. आणि परत या घरात यायचं नाही, मी सांगेपर्यंत."

दार लागलं. कवळीताईने किल्ली उचलली.

घरात कोंदट, आंबूस वास होता आणि सगळे पडदे ओढलेले. कंडक्टरबाई पलंग आणि न्हाणीघर यांच्या मधे जमिनीवर पडली होती, एक हात पुढे लांबवलेला, नळापर्यंत न पोहोचलेला. फोन पलंगाखाली, बंद पडलेला. कवळीताईने तिच्या कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. कपाळ गार होतं. ताप उतरला होता. आता पुढची पायरी.

ओठ निळसर. गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. भोंग्याच्या गाडीवर सांगायचे ते तिला आठवलं, पालथं झोपवा, छातीखाली उशी द्या. सांगायला सोपं. कंडक्टरबाई चांगली भरभक्कम होती. कवळीताईने तिच्या काखेत हात घातले, जोर लावला, आणि तेवढ्यात बाईने डोळे उघडले.

"पुढे सरका," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पुढे सरका, पुढे जागा आहे."

"कंडक्टरबाई, मी आहे."

"दारात उभं राहू नका!" आणि पडणारा माणूस दांडा पकडतो तसा तिने हात वर झाडला. हाताला कवळीताईचा मास्क लागला. तो तिने मुठीत घट्ट धरला आणि ओढला. दोऱ्या तुटल्या. पुढच्याच क्षणी तिला खोकल्याची उबळ आली, थेट कवळीताईच्या तोंडावर.

कवळीताईने डोळे मिटले. गालावर ओलं, कोमट काहीतरी लागलं होतं. ती हलली नाही. इतके दिवस धुतलेले हात, बदललेले कपडे, पाठ करून बोलणं, सगळं त्या एका उबळीत वाया गेलं. पळावंसं वाटलं, पण पळून जायचं कुठे? घराकडे तर आता मुळीच नाही. हात अजून बाईच्या काखेतच होते. तिने परत जोर लावला. बाई पालथी झाली. छातीखाली उशी गेली. हळूहळू त्या करवतीचा आवाज जरा मोकळा झाला.

कवळीताईने तोंड धुतलं, ओढणी नाकाला बांधली आणि चमच्याने तिच्या ओठांवर पाणी सोडत बसली. दारात, उंबऱ्याच्या पलीकडे, टेलरकाका उभे होते. सांगितलेलं मुकाट्याने करत होते. फोन लावत होते, पाणी उकळून बाटलीतून आत सरकवत होते. मधेच म्हणाले, "मला वाटलं तिला झोप मिळतेय." परत थोड्या वेळाने तेच.

एकदा कंडक्टरबाई शुद्धीवर आली. मान वळवून तिने पाहिलं. "कवळीताई? तू कशाला आलीस? घरी म्हातारी आहे ना तुझ्या."

"बोलू नका."

"लांब बस." तिचे डोळे भरून आले. "आम्ही बसमध्येसुद्धा एक सीट सोडून बसतो."

दुपार कलली तेव्हा पथक आलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात तिघं. त्यांनी प्राणवायूची नळी लावली, बाईला स्ट्रेचरवर घेतलं. त्यातला एक म्हणाला, "ही वाचेल का असं विचारू नका, मला माहीत नाही. काल कळवलं असतं तर सांगू शकलो असतो. आत कोण कोण गेलं होतं?"

"मी," कवळीताई म्हणाली.

"आणि मी," टेलरकाका म्हणाले.

तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

"काका, तुम्ही आत पाऊल टाकलेलं नाही."

"असू दे ना," ते पुटपुटले. "तू एकटी कोंडून राहणार. झालं ते माझ्यामुळे. मीही राहतो. तेवढीच सोबत."

"आणि आईंकडे कोण बघणार?" तिचा आवाज चढला. "पुरे झाला चांगुलपणा, काका! तुमच्या असल्या चांगुलपणानेच ही वेळ आली. खरं काय ते सांगा त्यांना."

हे बोलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. पण शब्द मागे घेतला नाही. काकांची मान आणखी खाली गेली. पांढऱ्या पोशाखातला माणूस वाट पाहत होता.

"नाही," काका म्हणाले. "मी दारातच होतो." चोरी कबूल करावी तसे म्हणाले.

स्ट्रेचर जिना उतरलं. खाली एकामागून एक दारं लागत गेल्याचे आवाज आले. नियमाप्रमाणे कवळीताईला त्याच घरात ठेवलं गेलं आणि दाराला बाहेरून लाल पट्टी लागली.

ती कंडक्टरबाईच्या खुर्चीत बसून राहिली. खोलीत अजून तोच वास होता. तिने कपाळावर हात ठेवून पाहिला. काही समजेना. कपाळ तापलं असेल तर हातही तापलेला असणार. आपल्याच हाताला आपला ताप कसा कळावा? दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो त्याला.

बाहेर सपातांचा आवाज आला. मग तिच्या स्वतःच्या घराच्या दारावर टकटक. तिने कान टवकारले. उत्तर आलं नाही. पुन्हा टकटक. पुन्हा काही नाही. कवळीताई उठून दाराशी गेली, पट्टीच्या आतल्या बाजूला, दोन्ही तळवे फळीवर टेकून. आई, बोला. बोला ना.

"कोण आहे?" धापेत अडकलेला आवाज.

"मी, टेलर. कशा आहात?"

"आहे. जा आता."

"नीट ऐकू आलं नाही. परत बोला."

"काय बोलू? कविता म्हणू?" खोकला. "जिवंत आहे म्हटलं ना! तिच्याकडे जा. ती कशी आहे ते विचार आणि मला येऊन सांग. मनाचं काही सांगू नकोस."

सपाता या दाराशी आल्या आणि थांबल्या. अगदी जवळ, फळीच्या पलीकडे. टकटक झाली.

कवळीताईने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"पोरी?" काका म्हणाले. ते गेले नाहीत. परत ठोकलं, आणखी जोरात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या जोरात.

"आहे," ती म्हणाली. "काका, मी आहे. ताप आहे का ते कळत नाही. भीती वाटतेय खूप."

"बरं," बाहेरून आवाज आला. "असंच सांगतो त्यांना."