भोंग्याचा हळू आवाज

आमच्या पोरीला सगळी गल्ली भोंगा म्हणते. तिनं दारातून "आई, भूक लागली" म्हटलं की पलीकडच्या घरातली बाई ताट वाढायला घेते! पण पोरीचा काय दोष? बापाची उभी हयात यंत्रमागांच्या खडखडाटात गेली, कान कामातून गेले, आणि ही बोलायला शिकली तीच मुळी त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडत. घरात त्यांना धड ऐकू येणारा आवाज एकच, तिचा. माझा येत नाही. की येऊ देत नाहीत, देव जाणे.

तर या भोंग्याला विमानात नोकरी करायचीय, प्रवाशांची सरबराई करायची. दोनदा मुलाखत देऊन आली. चित्र दाखवून त्यावर बोला म्हणाले, फडाफडा बोलली. स्वतःबद्दल सांगा म्हणाले, तेही झालं. पण प्रवाशाशी बोलून दाखवा म्हटलं की घोडं पेंड खायचं. "तुम्ही प्रवाशाला दम देताय असं वाटतं," म्हणाले. आता वयाची अट आडवी येतेय. यंदा नाही तर कधीच नाही.

मग माझ्या शिवणाच्या खोलीत तयारी सुरू झाली. मशीनशेजारी खुर्ची मांडली, खुर्चीत आमचे हे, आणि पोटावर पट्टा म्हणून माझी मोजपट्टी. पोरगी मऊ आवाजात सांगायची, "सर, खुर्चीची पाठ सरळ करा. पट्टा बांधून घ्या." हे हसून मान डोलवायचे. एरवी घरात वाकड्यात शिरणारा माणूस, पण प्रवासी म्हणून अगदी गुणी!

"आई, बघ, हळू बोलले तरी बाबांना कळतंय," पोरगी हरखून म्हणायची. मलाही वाटलं, जमलं बाई एकदाचं.

एका दुपारी मी पँटला दुमड घालत होते. पोरीला काय लहर आली कोण जाणे, त्याच गोड आवाजात म्हणाली, "सर, आपल्या खुर्चीखाली साप आहे."

हे हसले. मान डोलावली.

मी खो खो हसत सुटले, पण पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. "बाबा," ती मूळच्या आवाजात ओरडली, "इतके दिवस तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं?"

हे मोजपट्टीशी चाळा करत राहिले. "मी सारखं 'काय? काय?' करत बसलो तर तू परत ओरडणार," म्हणाले. "मग नोकरी कशी लागायची तुला?"

या माणसानं जन्मात कुणाला 'परत सांग' म्हटलेलं नाही. मुकादमाला नाही, डॉक्टरला नाही, मला तर नाहीच नाही. ऐकू येत नाही हे कबूल करणं त्यांच्या जिवावर येतं. चांगलं फैलावर घ्यावं म्हणून मी तोंड उघडलं, पण घातलेली दुमडच उसवत बसले.

पोरगी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. खांद्याला हात लावला, खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी वळली, आणि हळूच, एकेक शब्द सुटा करून बोलली. मग म्हणाली, "आता मी काय सांगितलं, ते तुम्ही मला सांगा."

"पट्टा बांधायचा," हे म्हणाले, आणि मोजपट्टीची अशी गाठ मारली की सोडवताना माझं नख तुटलं. त्या दिवसापासून तयारी तशीच व्हायची, गुडघ्यांवर बसून.

मुलाखतीत एक परीक्षक बाई प्रवासी होऊन बसल्या होत्या. काहीही सांगा, नुसतं "हो, हो". बाकीच्या मुली आपलं म्हणणं सांगून मोकळ्या झाल्या. आमची खाली बसली आणि म्हणाली, "मी काय सांगितलं, ते मला सांगाल का?" बाईंना सांगता येईना. मग हिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, न ओरडता.

निकाल लागला त्या संध्याकाळी ती दारातून ओरडेल म्हणून मी कान लावून बसले होते. पण ती गुपचूप आत आली, मला ओलांडून थेट त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, माझी निवड झाली."

हे तिच्या ओठांकडे बघत होते. डोळे भरून आले. कळलं होतं त्यांना, शब्द न् शब्द कळला होता, मी पैजेवर सांगते.

"ऐकू नाही आलं," हे म्हणाले. "परत सांग."

मग मात्र आमच्या भोंग्यानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.