बांधातला सांधा

आमच्या शेततळ्याचा बांध पाझरायला लागला तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं उतरली आणि माझं मात्र खुललं. कारण तो बांध बाबांनी आणि मी घातला होता. धाकटा भाऊ तेव्हा शाळेत पेन्सिली हरवत होता, आणि त्याची बायको कोणाच्या कडेवर होती देव जाणे. बांधाची माती माझ्या पायांनी तुडवलेली. म्हटलं, आता तरी बाबांना आठवेल की घरात एक मुलगीही आहे.

काळजीचं कारण खरंच होतं. तळ्याच्या खालच्या अंगाला लिंबाची नवी रोपं लावली होती. ओढा आटायच्या आत बांध दुरुस्त करून तळं भरून घेतलं, तर रोपं उन्हाळा काढणार होती. नाहीतर चुलीत घालायच्या कामाची.

जेवताना बाबांनी बेत सांगितला. तळं रिकामं करायचं. बांधाच्या माथ्यावर, मधोमध, लांबच लांब खंदक खणायचा, पार खाली घट्ट जमीन लागेपर्यंत. मग चिकणमाती मळून थराथराने भरायची, धुम्मसाच्या जड ठोकळ्याने ठोकायची आणि वर यायचं. मी मान हलवत होते, कारण पुढचं वाक्य माझ्यासाठी असणार हे मला ठाऊक होतं.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "तुझ्या माहेरी वीटभट्टी. मातीचं तू बघ."

माझा घास हातातच राहिला.

भावजयीबद्दल वाईट बोलावं तर पंचाईत. पहाटे उठते, हळू बोलते, दार आपटत नाही. तिच्यात खोट सापडत नाही हीच तिची मोठी खोट. ती घरात आल्यापासून बाबांच्या जिभेला साखर लागली होती, पण ती फक्त तिच्यापुरती. तिने चहा केला की "वा, सूनबाई." मी केला की "यात पाणी घातलंस की पाण्यात चहा?" तिच्या हातून बरणी फुटली तर "असू दे, बाळ." माझ्या हातून झाकण पडलं तरी "हाताला भोकं पडलीत का?" मी पन्नाशीला टेकलेली बाई. लग्न केलं नाही, या मळ्यातच राबले. मला "बाळ" असं शेवटचं कोणी कधी म्हटलं, ते आठवत नाही.

खंदक खणून झाला. मातीची निवड सुरू झाली. भावजय ओली माती तळहातावर वळून तिची सुतळीसारखी लांब वळी करायची. वळी तुटली नाही तर माती चांगली. बाबा ती वळी बोटांत धरून तोंड भरून कौतुक करायचे. मीही एक केली. "अगं आंधळे, यात खडे आहेत," म्हणाले आणि टाकून दिली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

भरायला सुरुवात करणार तोच बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. डॉक्टरांनी धुळीत जायला सक्त मनाई केली. भाऊ ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर. बाबा डोळ्यावर पट्टी बांधून खाटेवरून आम्हाला बजावत होते, "थर कडेपासून कडेपर्यंत. एक पुरा झाल्याशिवाय दुसरा नाही."

बांधावर आलो आणि माझ्या डोक्यात वेगळंच शिरलं. असं मिळून भरलं, तर कोणाचं काम कोणतं हे कळणार कसं? सगळं श्रेय पुन्हा वीटभट्टीला जाणार. मी खंदकाच्या मधोमध एक काठी रोवली.

"इकडचं अर्धं माझं, तिकडचं तुझं. आपापल्या कडेने भरत यायचं."

तिने काठीकडे पाहिलं. "ताई, बाबा म्हणाले होते की थर अख्ख्या लांबीचा…"

"हा बांध मी घातलाय की तू?"

ती घमेलं उचलून आपल्या कडेला गेली.

मग काय विचारता! मी जन्मात असं काम केलं नव्हतं. माती टाकायची, पाणी शिंपडायचं, पायांनी तुडवायची, धुम्मस घालायचं. हातांना फोड आले, ते फुटले, मी चिंधी बांधून पुन्हा ठोकत राहिले. मध्येच पाणी प्यायचं निमित्त करून तिच्या बाजूला नजर टाकायची. ती माझ्यापुढे गेलेली दिसली की माझ्या अंगात बळ यायचं. आम्ही दोघी मिळून दिवसभरात चार शब्द बोललो असू, त्यातले दोन "घमेलं दे" होते.

काठीपाशी पोचलो तेव्हा माझी बाजू भिंतीसारखी सरळ उभी होती, उन्हाने वाळून कडक झालेली. तिचीही तशीच. मध्ये हातभर फट. ती तिची नव्हती, माझीही नव्हती. दोघींनी घाईघाईने त्यात माती कोंबली, वरून धुम्मस मारलं आणि हात झटकले.

बाबांची पट्टी निघाली. काळा चष्मा लावून ते बांधावर आले आणि काठीने माती टोचत चालले. माझ्या बाजूला काठी रुतली नाही. "हं," म्हणाले. वाटणी त्यांना ठाऊक नव्हती. तिच्या बाजूलाही रुतली नाही. "वा, सूनबाई! दगड केलास दगड!" मी ओढ्याकडे तोंड फिरवलं, कारण त्या क्षणी माझा चेहरा कोणी पाहावा असा नव्हता.

ओढ्याकडून येणारी चारी उघडली. ओढ्याचं पाणी तळ्यात चढत गेलं. अर्धं तळं भरलं आणि एके सकाळी बांधाच्या पायथ्याशी, लिंबाच्या बाजूला, ओल दिसली. थोड्याच वेळात तिथून बारीक धार लागली. बरोबर मधोमध.

बाबांनी वाकून धारेखाली बोट धरलं. पाणी गढूळ होतं, म्हणजे आतली माती वाहत होती. ते सरळ झाले. "दोन तुकड्यांत भरलंत?"

मी हातावरच्या चिंधीची गाठ घट्ट केली.

"ही जागा कोणी भरली?"

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "मी, बाबा. चुकलं माझं."

मी चमकून पाहिलं. मनात म्हटलं, झालं, आता चूक उचलल्याबद्दलही हिची आरती. पण बाबांचा चेहरा तांबडालाल झाला होता.

"अक्कल काय गहाण टाकली होतीस? विटांत वाढलीस आणि वाळलेल्या मातीला ओली चिकटत नाही एवढं कळेना? डोळे माझे कापले की तुझे? ओढा आटला तर रोपांना काय तुझ्या घामाचं पाणी घालू? तळ्याचं पाणी सोडून द्या, उकरा सगळं, आणि कडेपासून कडेपर्यंत भरा!"

मला खरं तर उड्या मारायला हव्या होत्या. मी तिच्याकडे बघितलं. डोळे भरले होते आणि ती हसत होती. वेड्यासारखी हसत होती.

"ताई," ती माझ्या कानाशी आली, "बाबा मला रागावले."

"बहिरी नाही मी."

"आल्यापासून पहिल्यांदाच. एरवी मला 'वा सूनबाई', 'असू दे बाळ'. पाहुण्यांना म्हणतात ना, तसं. तुम्हाला मात्र हवं ते बोलायचे, अगदी हक्काने. तुमचा इतका हेवा वाटायचा मला, काय सांगू!"

मग माझ्या पोटात जे दुखलं, तसं त्या सगळ्या कौतुकांनीही कधी दुखलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याला अपमान समजत होते ते या घरात फक्त मला मिळत होतं, आणि आता तेही ही घेऊन चालली होती. तेही माझ्या चुकीवर!

"बाबा!" मी ओरडले. "तिला काय बोलताय? काठी मी रोवली. ती नको म्हणत होती, मी तिचं तोंड बंद केलं. चूक माझी आहे, सगळी माझी!"

बाबा माझ्याकडे वळले. त्यांना दम लागला होता. त्यांनी चष्मा काढला, चिंध्या बांधलेल्या माझ्या हातांकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला.

"असू दे, बाळ," ते म्हणाले. "होतं असं."

भावजय फावडं आणायला निघालीसुद्धा. मी जागची हलले नाही.

"असं नाही," मी म्हणाले. "नीट रागवा."