माझ्या बाईचा आवाज मोबाईलकडे

मी शिलाई मशीन बोलतेय, पायानं चालवायची, जुन्या धाटणीची. आधीच सांगते, सध्या माझं डोकं फिरलेलं आहे, आणि त्याला कारण तो तळहाताएवढा मोबाईल!

माझी बाई शेजारपाजारचे कपडे शिवते. सासूचा जाच, नवऱ्याचं आजारपण, लेकीचा जन्म, सगळं तिनं शिवता शिवता मलाच सांगितलं. मी कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

मग डॉक्टर म्हणाले, घशाचं ऑपरेशन करावं लागेल, आवाज राहीलच असं नाही. तेव्हा लेक मोबाईल घेऊन आली.

"आई, तुझं सगळं यात बोलून ठेव. नंतर मला कोण सांगणार गं?"

तिनं बाईला खुर्चीत बसवलं, मोबाईल समोर ठेवला. बाईच्या तोंडून अक्षर फुटेना. मला काय आनंद झाला म्हणता! परक्यापुढे कुणी मन मोकळं करतं का?

शेवटी बाईच म्हणाली, "अगं, पाय हलल्याशिवाय माझं तोंड हलत नाही."

ती माझ्यापाशी येऊन बसली आणि घडाघडा बोलायला लागली. नंतर दोघींनी ऐकून पाहिलं, तर मोबाईलमध्ये नुसता माझा खडखडाट. मी मनातल्या मनात नाचले.

पण लेक आईच्याच वळणावर गेलेली. तिनं माझा पट्टाच काढून ठेवला. आता पायडल हलत होतं, पण माझं वरचं चाक आणि सुई ठप्प. बाई पाय मारत बोलत राहिली, हसली, रडली. वर म्हणते कशी, "हिच्याआधी वहिनीचं मशीन होतं माझ्याकडे. लोण्यासारखं चालायचं गं!"

इतक्या वर्षांत माझ्यापुढे त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

ऑपरेशन झालं. बाई वाचली, आवाज गेला. आता ती पुन्हा माझ्यावर शिवते. तिचे ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. लेक मोबाईल माझ्या फळीवर ठेवते आणि त्याच्यातून बाई बोलते. जन्मभर सोबत केली मी, आणि आवाज गेला याच्या पदरात! तो ऐकू यावा म्हणून बाई पाय हळू मारते, तेव्हा तर माझ्या अंगाची लाही लाही होते.

तरी मीही कुरकुर न करता हळू चालते. मलाही ऐकायचं असतंच की.

मोबाईलराव, तुमचं तोंडही बघायची मला इच्छा नाही. पण पाया पडते, तेवढा आवाज पुसू नका.