सामानापाशी कोण बसणार

आमच्या ह्यांना पार्काचं भारी वेड. शहराबाहेरचा तो मोठा पार्क, त्यात तळं, ओढा, झाडी आणि मागे टेकडी. उन्हाळ्यात तळ्यात होडी, पावसाळ्यात ओढ्याकाठची वाट, पानगळ लागली की सायकली आणि थंडीत टेकडी. एक वेळ ऋतू चुकेल, पण ह्यांची सहल चुकणार नाही. चार माणसं भेटली की हे सांगणार, "आमचं अख्खं घर निसर्गात रमतं." अख्खं घर म्हणे! त्यातली एक बाई लग्न झाल्यापासून पिशव्यांची राखण करत बसली आहे, हे सांगायला ह्यांची जीभ कधी वळली नाही.

माझी जागा ठरलेली. वाहनतळ आणि स्वच्छतागृहं यांच्या मधोमध एक झाड आहे, त्याच्याखाली सतरंजी सपाट बसते. तिच्यावर मी, आणि माझ्याभोवती थर्मास, डबे, सगळ्यांचे कोरडे मोजे, सायकलींचे पंप, ह्यांच्या दुर्बिणीची रिकामी पेटी. तळ्याच्या मध्यावर होडीत बसून हे ओरडणार, "अगं, त्या निळ्या पिशवीकडे लक्ष ठेव!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला कुणी पुस्तकातून शिकवायला नको.

तुम्ही म्हणाल, बाई, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? बोलले की. "येऊ का मी पण?" असं विचारलं, की सगळे एकमेकांकडे बघत आणि कुणीतरी म्हणे, "पण मग सामानापाशी कोण बसणार?" या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर होतं. पहिल्यांदा आमचा मुलगा बंड्या लहान होता म्हणून बसले. पुढे तो बापासोबत पळायला लागला, तरी मी उठले नाही. सवय माझी नव्हती, त्यांची होती.

या थंडीत मात्र गोष्ट वेगळी होती. पडद्यांच्या कारखान्यात मशिनवर पाय मारून मारून माझे गुडघे कामातून गेलेत. पुढच्या महिन्यात दोन्हींचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, चालाल, जिना चढाल, पण डोंगरटेकड्या विसरा. त्याच संध्याकाळी मी ठरवलं, टेकडी चढायची तर आत्ताच. कळ सोसवेल तोवर सोसायची. वरून काय दिसतं ते एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचं, बस्स.

बंड्याची बायको, आमची सूनबाई, दवाखान्यात एक्स-रे काढते. माझ्या गुडघ्यांचे फोटो तिनेच काढले होते. लग्नानंतरची तिची ही पहिलीच टेकडी. त्यासाठी तिने जाड तळव्यांचे बूट घेतले होते आणि आदल्या रात्री घरातल्या घरात घालून दोन खोल्या हिंडली होती. सकाळी मी अंडी उकडत होते, ती पावाला लोणी लावत होती. तिला म्हटलं, "आज मी पण वर येणार आहे." ती हसली. "चला की आई. कळ आली तर माझा हात धरा."

पार्कात पोचलो. झाडाखाली सतरंजी पडली. मी बसले नाही.

"मी वर येतेय," म्हटलं.

हे काठीची लांबी कमीजास्त करत होते. मान वर न करता म्हणाले, "कशाला उगाच गुडघ्यांना त्रास? तू पाहिलीयेस की टेकडी."

"कधी?"

"कधी काय? बंड्या चौथीत होता तेव्हा. वर काय वारा होता! तुझी ती पिवळी टोपी उडून थेट खाली झाडीत गेली, आणि तू हसून हसून मटकन खालीच बसलीस. मला अजून दिसतंय."

"ती टोपी वन्संची होती," मी म्हटलं. "हसल्या त्या पण वन्संच. मी इथे बसले होते, तुमच्या पिशव्या राखत."

"छे गं! ताई कुठली? तूच होतीस. काय रे बंड्या?"

बंड्याने बूट बांधता बांधता सांगितलं, "हो, आई होती ना. मला आठवतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला नेलं नाही, हा राग मी इतकी वर्षं गिळला होता आणि आणखीही गिळला असता. पण मला नेलं नाही हे या दोघांना ठाऊकच नव्हतं! त्यांनी मनातल्या मनात मला वर नेऊन, हसवून, खाली आणून पुन्हा पिशव्यांपाशी बसवलं होतं. जिवंत बायको खाली बसलेली असताना वर तिच्याशिवाय काही अडलं नव्हतं. मी नाही हे कळायला आधी मी कुठे आहे हे बघावं लागतं.

"ऑपरेशन झालं की जाऊ ना सावकाश," हे समजुतीच्या सुरात म्हणाले.

"ऑपरेशननंतर टेकडी बंद. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा तुम्ही शेजारच्याच खुर्चीत होतात."

"बरं, पण मग सामानापाशी..."

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. पाठ फिरवली आणि चालू लागले.

वाट चांगली होती. लाकडी ओंडके आडवे टाकून पायऱ्या केलेल्या, एका बाजूला कठडा. पण माझ्या गुडघ्यांना प्रत्येक पायरी वेगळी कळत होती. डावा आधी टाकायचा, मग कठड्यावर भार देऊन उजवा ओढायचा. माझ्याहून म्हाताऱ्या दोन बायका गप्पा मारत पुढे निघून गेल्या. एका माणसाचा कुत्रासुद्धा पुढे गेला. जाऊ दे म्हटलं. रागाचा एक फायदा असतो, तो ढकलतो.

पहिल्या वळणावर दम घ्यायला थांबले आणि खाली पाहिलं. हे आणि बंड्या वर येत होते. गडी खुशीत होते. ह्यांनी काठीने कुठलासा पक्षी दाखवला, बंड्याने फोटो काढला. सूनबाई मागे असेल म्हणून मी बघत राहिले. मागे कुणी नव्हतं.

ती सतरंजीवर बसली होती. माझ्याच जागेवर, पाय पोटाशी घेऊन. भोवती थर्मास, डबे, मोजे. पायांत ते नवे बूट.

कुणी तिला बस म्हणालं असेल, की ती आपली आपणच बसली, देव जाणे. पण दोघांपैकी एकालाही मागे वळून बघावंसं वाटलं नव्हतं. एक बाई उठली, दुसरी बसली, सामान सुरक्षित! खाली उतरून तिला उठवावं, तर पुन्हा चढायला माझ्याकडे पाय उरले नव्हते. मग माझ्याकडे जे होतं ते मी वापरलं. कठडा दोन्ही हातांनी धरला आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले.

"सूनबाई! ऊठ तिथून! आत्ताच्या आत्ता ऊठ!"

सगळा पार्क थांबला. तळ्याकाठचे लोक वर बघायला लागले. हे धापा टाकत माझ्यापाशी पोचले, तोंड लाल. "अगं, हळू! लोक बघतायत."

"बघू देत! इतकी वर्षं कुणी बघितलं नाही, आज बघू देत!"

"तीच म्हणाली, मी बसते," बंड्या पुटपुटला.

"आणि तू बसू दिलंस! मीही असंच म्हणाले होते रे पहिल्यांदा. जा, बस जा तिथे. दोघंही जा. पाहिलीये ना तुम्ही टेकडी?"

मग बापलेक खरंच खाली उतरले. पायवाटेवर सूनबाई त्यांच्या शेजारून धावतच वर आली.

"आई, मला खरंच चाललं असतं," ती म्हणाली.

"मला नाही चालणार," मी म्हटलं आणि तिचा हात धरला.

वर पोचलो. माथ्यावर थोडी सपाट जागा, दोन बाकं आणि कानात शिरणारा वारा. तळं, ओढा, मागे आणखी टेकड्या. सुंदर होतं, नाही कशाला म्हणू? सूनबाई डोळे मिटून वाऱ्यात उभी राहिली. मी तिच्या मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. माझ्या या मोडक्या गुडघ्यांनी, थांबत थांबत, जेमतेम पाऊण तास लागला होता. इतक्या वर्षांत एकाही थंडीत, घरातल्या एकाही माणसाला माझ्यासाठी पाऊण तास सतरंजीवर बसता आलं नव्हतं.

मी बाकावर बसले आणि रागाने रडले. सूनबाई शेजारी येऊन बसली, आणि आम्ही काही लवकर खाली गेलो नाही.